चाळिशीतली फ्रेशर

नोकरीसाठी बायोडेटा लागतो हे मला माहीत होतं, पण मी आयुष्यात एकच बायोडेटा पाहिला होता, तो माझ्या लग्नाचा. त्यामुळे नर्सिंगचं रजिस्ट्रेशन हातात आल्यावर पहिल्याच रविवारी मी वहीच्या पानावर जो मजकूर उतरवला, त्यात जन्मवेळ होती, उंची पाच फूट एक इंच होती, रंग निमगोरा होता आणि सगळ्यात खाली 'अपेक्षा' म्हणून 'घरापासून जवळ, माणसं चांगली' असं लिहिलेलं होतं. मोबाईलवर टाईप करायला ते पान लेकीकडे दिलं, तर तिने ते आधी तिच्या वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"पत्रिका जुळली तरच जॉइन होणार का गं आई?" ती म्हणाली.

"दवाखान्याला मंगळ आहे का विचारून घे," आमचे हे म्हणाले. "नंतर भानगड नको."

लेक तेव्हा बारावीला होती. म्हणजे माझ्या वर्गातल्या मुली तिच्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठ्या. नर्सिंग कॉलेजात मी शिरले तेव्हा वयाची अट संपायला चार महिने उरले होते. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात दोन महिने मी त्यांच्या उशाशी दवाखान्यात काढले होते, आणि तिथल्या एक सिस्टर जाता-येता म्हणायच्या, तुमचा हात चांगला आहे, शिकून घ्या. लोक असं काहीतरी बोलतात आणि विसरून जातात. मी विसरले नाही. राहुरीत आमचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, शेतातल्या पाण्याच्या मोटारी. मी दुकानात जाऊन ह्यांना विचारलं तर तारेचं वेटोळं हातात धरूनच म्हणाले, "फॉर्म तर भर. घेतलंच नाही तर आपल्याला काय, आहे तेच आहे."

पण घेतलं. तीन वर्षं सगळा वर्ग मला काकू म्हणत होता, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या नोट्सपेक्षा माझ्या डब्याला जास्त मागणी असायची. पास झाले, रजिस्ट्रेशन झालं, आणि चाळिशीला तीन महिने कमी असताना मी फ्रेशर झाले.

फ्रेशर हा शब्द मला लेकीने सांगितला. आरशात बघून खात्री होत नव्हती.

पहिला इंटरव्ह्यू नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात होता. वॉचमनने गेटवरच अडवलं. "मॅडम, मुलीला आत पाठवा. पालकांनी तिकडं झाडाखाली बसायचं." झाडाखाली सात-आठ आया बसल्या होत्या. मी खरोखरच पाच मिनिटं त्यांच्यात जाऊन बसले, कारण भांडायचं कसं ते सुचेना. एकीने विचारलं, "तुमची कोणती?" मी म्हटलं, "मीच." तिने पिशवीतून चिवडा काढून माझ्या हातावर ठेवला. आत गेल्यावर कॉम्प्युटरपुढच्या मुलीने अनुभव विचारला. मी म्हटलं, सासऱ्यांचं दोन महिने सगळं केलं, दोन बाळंतपणं काढली जावांची. तिने शून्य टाईप केलं.

राहुरीतले डॉक्टर ओळखीचे. त्यांच्या मळ्यातली मोटार आमच्याच दुकानात येते. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पण इथं दिवसभर जिना चढ-उतार असते. तरण्या पोरी लागतात." मी घरी पाण्याची टाकी साफ करायला शिडीवर चढते हे त्यांना सांगायचं राहून गेलं. तिसऱ्या ठिकाणी घरची जबाबदारी आड आली, चौथ्या ठिकाणी मी नुसतंच वय सांगितलं आणि ते म्हणाले, "कळवतो." कळवतो या शब्दावर मी दोन महिने काढले. कढईत फोडणी तडतडत असायची आणि मी ओट्यावरचा मोबाईल उलटा-सुलटा करून बघायची, आवाज बंद तर पडला नाही ना.

सात ठिकाणं झाली. दुकानाच्या काउंटरवर बसणारा माणूस सोडून गेला होता. हे काही म्हणाले नाहीत, पण ती खुर्ची रोज मला दिसत होती. मी मनाशी ठरवलं, आठव्या ठिकाणी झालं तर झालं. नाही तर रजिस्ट्रेशनचा कागद कपाटात साड्यांखाली जाईल आणि मी त्या खुर्चीत. हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळ्यांनी समजूत काढली असती, आणि ती मला नको होती.

आठवं ठिकाण श्रीरामपूरला, वीस खाटांचा दवाखाना. तिथल्या इनचार्ज सिस्टर पन्नाशी ओलांडलेल्या, केस पांढरेशुभ्र, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. माझा बायोडेटा त्यांनी पालथा घालून ठेवला.

"कागद नंतर बघू. तीन दिवस ट्रायल करा. मला काम बघायचंय."

"वय..." मी म्हणाले.

"माझंही आहे," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पहाटेच्या गाडीने श्रीरामपूर गाठायचं, पंजाबी ड्रेसवर पांढरा एप्रन चढवायचा, आणि कामाला लागायचं. आता काम कसं करायचं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. नव्या जागी गेलेल्या बाईने काय करायचं असतं ते मी वीस वर्षांपूर्वीच शिकले होते. पहिल्या दिवशी मी सगळ्या खाटांशेजारची कपाटं पुसली, चादरींच्या घड्या घातल्या, पाण्याच्या बाटल्या भरल्या. स्टाफचा चहा झाला की कप उचलून धुतले. जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसले. माझ्यासोबत जी स्टाफ नर्स होती ती तेवीस वर्षांची पोर, पण तिला मी दर वेळी विचारायची, "ताई, चार नंबरचं बीपी घेऊ का? ताई, सलाईन बदलू का?" ती बिचारी घ्या, घ्या म्हणून दमली. डॉक्टरांचा राउंड आला की मी आपोआप पडद्याआड सरकायची. एकदा तर हात डोक्याकडे गेला, पदर घ्यायला. पदर नव्हताच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघताना इनचार्ज सिस्टरांनी बोलावलं. मला वाटलं, कौतुक करतील. दोन दिवसांत त्या वॉर्डाला माझ्याइतकं कोणी घासलं-पुसलं नसेल.

"बाई, इथं तुम्हाला कोणी बघायला आलेलं नाही," त्या म्हणाल्या.

मी हातातल्या एप्रनची आणखी एक घडी घातली.

"सुना मला दोन आहेत घरी, तिसरी नको. मला सिस्टर पाहिजे. माझ्या वॉर्डातली सिस्टर बोलते. पेशंटचं काय चाललंय ते ती डॉक्टरांना सांगते, डॉक्टरांना आवडो न आवडो. दोन दिवसांत मी तुमचा आवाज ऐकलेला नाही. हात चांगला आहे तुमचा, पण नुसता हात घेऊन मी काय करू?" चष्मा नाकावर चढवून त्या पुढच्या कागदाकडे वळल्या. "उद्याचा दिवस आहे अजून."

एसटीत खिडकीशी बसून मी स्वतःशीच बोलायचा सराव केला. शेजारचे गृहस्थ देवळाली प्रवरा यायच्या आधीच उठून मागच्या सीटवर गेले.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उपाय सांगितला.

"उंद्या संकष्टी हाय. कडक धर. खिचडी न्हाई, च्या न्हाई, निस्तं पानी. चंद्र बघूनच घास घ्यायचा. मग बघ कसं व्हत न्हाई."

"आत्या, दिवसभर पायावर असते मी."

"मी कांदे काढत केलीय," आत्या म्हणाल्या.

तर तिसऱ्या दिवशी मी नुसत्या पाण्यावर वॉर्डात हजर. आठ वाजेपर्यंत मोठ्या भक्तिभावात होते. नऊ वाजता कॅन्टीनच्या बाई ट्रॉली घेऊन आल्या आणि वॉर्डभर उपम्याचा वास सुटला. कढीपत्ता, शेंगदाणे, वर ओलं खोबरं. देवाची क्षमा मागून सांगते, त्यानंतर माझं निम्मं लक्ष पेशंटकडे होतं आणि निम्मं ताटल्यांकडे. कोणाची ताटली कुठे गेली, कोणी किती खाल्लं, कोणी कडेला सारलं, मला सगळं पाठ होतं.

तीन नंबरला एक आजी होत्या, पायाची जखम चिघळलेली, शुगर जुनी. तेवीस वर्षांच्या माझ्या ताईने इन्सुलिन भरून ट्रेमध्ये दिलं. "तीन नंबरला देऊन या. नाश्ता आलाय त्यांचा." आणि ती नव्या पेशंटकडे पळाली.

मी हात धुऊन खाटेशी गेले तर आजींची ताटली लखलखीत रिकामी. दोन मिनिटंही झाली नव्हती. आजींच्या तोंडात खालचे तीन आणि वरचा एक दात. खाटेच्या पलीकडे त्यांची सून पाठ करून बसली होती आणि तिचे गाल हलत होते.

"खाल्लं का आजी?"

"खाल्लं की. टोच बाई."

मी खाली वाकले. आजींच्या ओठांना कण नव्हता. पाण्याचा पेला मात्र दोनदा भरलेला मी पाहिला होता.

"उपास हाय का?" मी हळूच विचारलं.

आजींनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कसं कळलं गं?"

"मला बी हाय."

"मंग झालं तर," आजींचा चेहरा उजळला. "तू समजून घे. टोच, आन खाल्लं म्हनून लिही. कोन इचारतंय."

आता सांगते, मोह झाला. वयाने मोठी बाई विनवतेय, वर ऑर्डर लिहिलेली, ताईने द्या म्हणून सांगितलेलं. सगळ्यांचं ऐकायची सवय मला वीस वर्षांची. पण उपाशी पोटी इन्सुलिन गेलं की काय होतं ते मी तीन वर्षं वाचलं होतं, आणि सासऱ्यांच्या बाबतीत एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. घाम फुटला होता त्यांना, मला ओळखेनात. मी ट्रे खाली ठेवला. तेवढ्यात राउंड आला. डॉक्टर, त्यांच्या मागे इनचार्ज सिस्टर, त्यांच्या मागे ताई.

"यांचं इन्सुलिन झालं?"

पडदा माझ्या उजव्या हाताला होता. अगदी जवळ.

"नाही दिलं, सर," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. पाच नंबरचे आजोबा उठून बसले.

"का? नाश्ता आलाय ना?"

"आलाय, पण यांनी नाही खाल्ला. संकष्टी आहे यांची."

"न्हाई ओ डाक्टर," आजी म्हणाल्या, "समदं खाल्लंय म्या. ही कायबी बोलती."

डॉक्टर रिकाम्या ताटलीकडे बघत होते. मला वाटलं, संपलं. आठवंही गेलं. आता गेलंच आहे तर पूर्ण बोलून घ्यावं.

"सर, ती ताटली सूनबाईंनी खाल्ली. बोटाला टोचून शुगर बघितली तर कळेल."

सूनबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघायला लागल्या. ताईने मशीन आणलं, आजींच्या बोटाला टोचलं. डॉक्टरांनी आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, "इतकी खाली? आणि वरून इन्सुलिन..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. "आधी यांना साखर घालून दूध द्या, मग नाश्ता. लगेच. मी परत येऊन बघतो." आणि जाता जाता माझ्याकडे वळून, "तुम्हीच बघा सिस्टर, तुमचं ऐकतील."

माझं कोण ऐकतंय. आजींनी तोंड मिटून घेतलं.

"चाळीस वर्सं करती मी. चंद्र बघितल्याबिगर घास न्हाई. आन औंदा तर पायासाठी धरलीया. पाय ऱ्हावा म्हनून."

"आजी, उपाशी ऱ्हायलं तर जखम भरंल कशी?"

"तू लई शानी. तुझी कशापायी हाय?"

"नोकरीपायी."

"लागली का?"

"आज कळंल."

आजींनी डोळे बारीक केले. "आन तू सोडशील का? मला सांगती खा म्हनून. सोड की तूच आधी. खाऊन दाखव."

सूनबाई वळून बघायला लागल्या. पाच नंबरचे आजोबा तर आता पाय खाली सोडून बसले होते.

मी हे अगदी खरं लिहिते आहे, की तेव्हा मला आजींच्या शुगरआधी आत्या आठवल्या. कांदे काढत संकष्टी करणाऱ्या आत्या. मग दुकानातली खुर्ची आठवली. सात ठिकाणी नुसत्या माणसांच्या भरवशावर गेले होते, आठव्याला देवाला मध्ये घातलं होतं, आणि आता त्यालाच सोडायचं? पण आजींच्या कपाळावर घाम यायला लागला होता. तो बघितल्यावर फार विचार करता आला नाही. मी ट्रॉलीवरून एक ताटली उचलली, चमचाभर उपमा तोंडात घातला आणि त्यांच्यासमोर चावून गिळला.

"कसा हाय?" आजींनी विचारलं.

"मीठ कमी हाय."

"कॅन्टीनवाल्यांचं असंच असतंय," आजी म्हणाल्या, आणि दुधाचा पेला हातात घेतला. दूध संपल्यावर ताटली मागितली. मी चमचा-चमचा भरवला, त्यांनी मीठ कमी म्हणत म्हणत संपवला. मधे एकदा म्हणाल्या, "आता तुझ्या नोकरीचं कसं व्हायचं गं?" आणि त्यांना खरोखरच काळजी वाटत होती.

वळले तर दारात इनचार्ज सिस्टर उभ्या. किती वेळ होत्या कोण जाणे.

"जे झालं ते लिहा," त्या म्हणाल्या. "आधी साध्या कागदावर."

मी लिहिलं. माझ्या सवयीने लिहिलं. ट्रॉली कधी आली, आजींना दात किती, सूनबाई कुठे तोंड करून बसल्या होत्या. दीड पान झालं. सिस्टरांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. त्यांच्या ओठाचा कोपरा दोनदा हलला.

"हे घरी घेऊन जा, वाचून दाखवा सगळ्यांना. चार्टवर चार ओळी लिहायच्या. नाश्ता केला नाही, शुगर किती आली, इन्सुलिन दिलं नाही, डॉक्टरांना सांगितलं. वेळ आणि सही."

चार ओळी लिहायला मला दीड पानापेक्षा जास्त वेळ लागला. सही केली, आणि मग मघाची माझी ताटली आठवली.

दुपारी त्यांनी माझा बायोडेटा सरळ करून पहिल्यांदा वाचला. "सोमवारपासून सकाळची ड्युटी. सगळे कागद घेऊन या, दोन फोटो आणा. पहिले सहा महिने चुका होतील, त्या मला सांगायच्या, लपवायच्या नाहीत. आणि कप धुवायचे नाहीत. सफाईच्या बाई माझ्याकडे तक्रार करून गेल्यात, नव्या बाई आमचं काम पळवतात म्हणून."

"बरं," मी म्हणाले.

"बरं नाही. कारण विचारायचं कधीतरी."

"नाही, कपांचं बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले, आणि त्या हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा.

जाताना आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लागली? खाऊन बी?" आणि बराच वेळ वर पंख्याकडे बघत राहिल्या. देवाशी काहीतरी हिशेब चालला असावा. मग सुनेला म्हणाल्या, "संध्याकाळचं ताट आलं की मला उठीव."

श्रीरामपूरच्या स्टँडवरून घरी फोन लावला. आत्यांनी उचलला.

"झालं आत्या. सोमवारपासून."

"बघ. म्हनलं न्हवतं? निस्त्या पान्यावर ऱ्हायलं की असंय." त्यांनी ओरडून घरात सगळ्यांना सांगितलं आणि परत फोनवर आल्या. "आता चंद्र निघंस्तवर तोंडात काय घालू नको. शेवटी शेवटी घोळ नको."

काही तासांपूर्वी अख्ख्या वॉर्डासमोर डॉक्टरांना नाही म्हणालेली मी, स्टँडवरच्या गर्दीत म्हणाले, "बरं आत्या."

मग फोन ह्यांच्याकडे गेला. ते फोन घेऊन बाहेर ओट्यावर आले असणार, कारण आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "काय खाल्लंस?"

"उपमा."

"किती?"

"दोन ताटल्या."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. "काउंटरवर माणूस बघतो मी उद्या," ते म्हणाले. म्हणजे खुर्चीचं त्यांच्याही डोक्यात होतं तर. आम्ही दोघांनीही ती महिनाभर एकमेकांपासून लपवली होती. "सोमवारी किती वाजता सोडू तुला स्टँडवर?"

"पावणेसहाची गाडी आहे."

"मग सव्वापाचला निघू. तू काही सव्वापाचला तयार होत नाहीस, पण निघू."

माझी एसटी फलाटाला लागत होती. मी म्हटलं, पाचलाच तयार असेन.